वरच्या सुरांची पिसं

१

मॅडमनी सूर बघायला म्हणून हार्पसिकॉर्डची एक पट्टी दाबली, तर नुसतंच खट्‌ झालं. शेजारची दाबली, खट्‌. तिच्या शेजारची, पुन्हा खट्‌. सूर म्हणून काही नाहीच. सकाळची तालीम सुरू व्हायची होती, संध्याकाळी कार्यक्रम होता, आणि ज्या वाद्यासाठी लोकांनी जागा राखून ठेवल्या होत्या त्याचं वरचं टोक मुकं झालं होतं.

"काकू, इकडे या! आत्ताच्या आत्ता!"

काकू म्हणजे मी. व्हिओला वाजवते. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण समजा, घरातलं सगळं ओढणारी आणि पाहुण्यांना न दिसणारी. मी वाद्यवृंदाच्या मधोमध बसते. मला सगळे दिसतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. म्हणूनच की काय, कुणाचा चष्मा हरवला, कुणाची गजाला लावायची राळेची वडी गेली, की शोधायला काकूच. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य व्हायोलिनवादक. आमच्यात कंडक्टर नसतो, त्यामुळे रागवायचं कामही त्यांच्याचकडे.

आम्ही तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत वाजवतो, आणि तेही त्या काळच्या वाद्यांवर. व्हायोलिनला धातूच्या नाहीत, आतड्याच्या तारा. ओबो म्हणजे सनईच्या जातीचं वाद्य, त्याला मोजून दोन-तीन चाव्या. लोक विचारतात, नवी वाद्यं मिळत नाहीत का तुम्हाला? काय डोंबल सांगायचं त्यांना!

हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोसारखा, पण तो तार ठोकत नाही, छेडतो. प्रत्येक पट्टीच्या मागे एक लाकडी काडी उभी असते. काडीच्या टोकाजवळ कावळ्याच्या पिसाच्या देठाचा नखाएवढा तुकडा बसवलेला असतो. पट्टी दाबली की काडी वर उडते आणि ते पीस तारेला टिचकी मारतं. पीस नसेल तर काडी बिचारी उडते आणि खाली येते, बस्स.

काड्यांवरची आडवी फळी मी काढली. एक काडी उचलून डोळ्यांसमोर धरली. पीस तुटलं नव्हतं. कुणीतरी ते कापलं होतं. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. वरच्या टोकाच्या साऱ्या पिसांची तीच गत.

मॅडमनी माझ्या हातातली काडी घेतली, उलटीसुलटी करून बघितली. "पिसांना चाकू लावायचं काम आपल्याकडे एकच माणूस करतं," त्या म्हणाल्या. "खारूताईला बोलवा."

२

खारूताई म्हणजे सरांची शिष्या. बारकी, चपळ, सारखं काहीतरी कुरतडत असायची, म्हणून हे नाव. सर म्हणजे आमचे हार्पसिकॉर्डवादक, आणि सर म्हणजे माझे यजमानही. संध्याकाळी जो कॉन्चेर्तो व्हायचा होता (कॉन्चेर्तो म्हणजे एक वाद्य पुढे, बाकीची साथीला) त्यात मधे हार्पसिकॉर्डचा एकट्याचा लांबलचक भाग, सोलो, आहे. बाकी सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवून ऐकत बसायचं, आणि ह्यांच्या बोटांनी नुसता पाऊस पाडायचा. तो भाग ऐकायला लोक येणार होते. तो ह्यांचा हातखंडा.

वाद्याची देखभाल खारूताई करायची. सूर लावणं, पिसं बदलणं, छाटणं. आदल्या दिवशी तालमीनंतर सगळ्यांत शेवटी तीच वाद्यापाशी होती. आणि आठवडाभरापूर्वी तिचं आणि ह्यांचं वाजलं होतं, तेही सगळ्यांदेखत. संध्याकाळचा एखादा छोटा भाग तरी मला द्या, असं ती म्हणाली होती, आणि हे म्हणाले होते, "आधी नीट बसायला शीक." मग काय, सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले.

"पिशवी दाखव," मॅडम म्हणाल्या.

खारूताई पिशवी छातीशी धरून उभी राहिली. "मी नाही केलं."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

कुणी पुढे होईना. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. वस्तू शोधणारी काकू ना मी! मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि एकेक वस्तू काढून खुर्चीवर मांडायला लागले. दात तुटलेला कंगवा. बिस्किटांचा अर्धा पुडा. टाचेला रफू केलेले मोज्यांचे जोड. एक मलमाची नळी. त्याखाली, कापडात गुंडाळलेला छोटा चाकू आणि डबीभर काळी पिसं.

"झालं," कुणीतरी मागून म्हणालं.

आता, पिसं बदलणाऱ्या मुलीच्या पिशवीत पिसं आणि चाकू नाही सापडणार तर काय सापडणार? पण त्या क्षणी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मला आठवतं ते एवढंच, की ती चाकूकडे बघत नव्हती. ती त्या मोज्यांकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. बाहेर बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, धक्का बसला असेल बिचाऱ्यांना.

"संध्याकाळपर्यंत दुसरं काही पुढे आलं नाही," मॅडम म्हणाल्या, "तर तुझं नाव यादीतून काढते. आणि का काढलं ते आपल्यासारख्या बाकीच्या वाद्यवृंदांनाही कळवते. वाद्याच्या जिवावर उठणारं माणूस कुणाला नको."

म्हणजे तिचं वाजवणंच संपलं. आमचं जग एवढंसं आहे, एकाने तोंड फिरवलं की सगळेच फिरवतात. ती रडली नाही. खुर्चीवरच्या वस्तू पुन्हा पिशवीत भरल्या, चाकू मात्र मॅडमनी ठेवून घेतला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"काकू, तो चाकू बघा. दुसरं काही नको. फक्त बघा."

३

बघितला. केस फाडेल असं पातं. डबीतलं एक पीस घेऊन त्यावर चालवून पाहिलं, तर काकडीची चकती निघावी तसा तुकडा निघाला, कड एकदम साफ. वाद्यातल्या पिसांची कड मात्र चघळल्यासारखी. एकेका पिसावर दोन-दोन, तीन-तीन घाव. काही ठिकाणी लाकडी काडीलाही ओरखडे.

मला जरा बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. हे पिशवी उघडण्याआधी बघायला काय धाड भरली होती मला?

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम वेडंवाकडं कापलं असेल, संशय येऊ नये म्हणून." पण आवाजात मघाचा जोर नव्हता. "दुपारपर्यंत काय ते बघा काकू. तालीम मी लांबवते."

मी पहिली गेले ती चाकूरामकडे. चाकूराम म्हणजे आमचा ओबोवाला. ओबोच्या तोंडाला वेताची पातळ रीड लागते, ती तो स्वतः तासतो. जेव्हा बघावं तेव्हा हा बाबा कोपऱ्यात बसून चाकू चालवतोय. ह्यांच्याशी त्याचं कधीच पटलं नाही. हे म्हणायचे, ओबो नेहमी चढा लागतो. तो म्हणायचा, सरांचे कान उतरलेत.

"तुम्हाला वाटतं मी केलं?" माझ्या तोंडाकडे बघूनच तो म्हणाला.

"मला काही वाटत नाही. तुझा चाकू दाखव."

"दाखवतो ना! मीच ओरडणार होतो सकाळी, पण इथे आधीच बोंबाबोंब." त्याने कातडी गुंडाळी उलगडली आणि मोठा चाकू माझ्यापुढे धरला. "हे बघा. वाट लावलीय. काल संध्याकाळी धार लावून ठेवला होता. आज खाचा पडल्यात. कुणीतरी तारेवर घासलाय हा. आता मी रीड कशाने तासू, कपाळाने?"

"काल कुठे होता हा?"

त्याने मान खाली घातली. "विसरलो. स्टँडवरच राहिला रात्रभर. तालीमखोलीला कुलूप नसतंच, तुम्हाला माहितेय. कुणीही उचलावा."

"तू परत आला होतास का?"

"नाही हो. विसरलोय हे घरी गेल्यावर सुद्धा कळलं नाही."

त्याच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला, आणि त्याचं कारण तो चाकूच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी स्वतःच्या रीडचा चाकू नासवेल असा ओबोवाला अजून जन्माला यायचाय. सरांचा सूड घ्यायला तो फार तर त्यांच्या खुर्चीवर राळ फासेल.

पण मग दुसरीच गोष्ट टोचायला लागली. खारूताईकडे स्वतःचा वस्तऱ्यासारखा चाकू होता. तिला दुसऱ्याचा जाडजूड चाकू कशाला लागेल? ज्याने हे केलं त्याच्याजवळ पिसांचा चाकूच नव्हता. आणि तालमीनंतर इथे परत आलेलं एक माणूस होतंच. पुढच्या दारावरच्या वॉचमनने सांगितलं, मॅडम आल्या होत्या.

४

"आले होते," मॅडम म्हणाल्या. तोंड चोरलं नाही त्यांनी. "फोन राहिला होता."

"सरांचा कॉन्चेर्तो बंद पडला तर त्या जागी काय होणार?"

"माझा. व्हायोलिनचा. तयार आहे तो." त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. "बोला ना काकू, उगाच आडून का विचारताय? मला तो हवाच होता. दरवेळी सरांचंच का? मनात येतं माझ्या. पण अहो, माझ्या व्हायोलिनला साथ कशाची? ह्याच हार्पसिकॉर्डची. तो मोडून मी काय तोंडाने साथ करू?"

खरं होतं. आमच्या संगीतात हार्पसिकॉर्ड भाजीतल्या मिठासारखा सगळीकडे असतो. सोलो असो नसो, तो खालून सूर भरत राहतो. तो नसला तर कुठलाच कॉन्चेर्तो उभा राहत नाही.

मी पुन्हा वाद्याजवळ गेले. आणि ह्या वेळी, कापलेली पिसं सोडून न कापलेली बघितली. खालची सगळी शाबूत. मधली सगळी शाबूत. फक्त वरचं टोक गेलेलं.

"मॅडम, जरा बसा इथे. तुमच्या कॉन्चेर्तोची साथ वाजवा."

त्यांना हार्पसिकॉर्ड कामापुरता येतो. वाजवायला लागल्या. एक पान झालं, दुसरं झालं. एकही खट्‌ आला नाही. त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

"साथीला एवढ्या वर जावंच लागत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आज संध्याकाळचं सगळं वाजेल. फक्त..."

"फक्त सरांचा सोलो वाजणार नाही."

म्हणजे हे कुणा दुष्मनाचं काम नव्हतं. दुष्मन असता तर त्याने मधली पिसं कापली असती, कारण सगळ्यांचा जीव तिथेच. ज्याने कापलं त्याला कार्यक्रम हवा होता. त्याने नेमकं हेरून तेवढंच कापलं होतं. प्रत्येक काडी परत आपापल्या जागी बसवली होती, वरची फळी नीट आकड्यांत अडकवली होती. चाकूरामला ह्यातलं ओ का ठो कळत नाही. मॅडमना कुठले सूर लागतात ते आत्ता, माझ्यासमोर कळलं. आणि खारूताईला सगळं ठाऊक, पण तिच्या हातून एवढं गचाळ कापलंच गेलं नसतं.

डोकं जाणत्या माणसाचं होतं आणि हात अडाण्याचे होते. असं कोण आहे आमच्यात?

"सर काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं. "सकाळपासून बोललेच नाहीत. आणि काकू, एक सांगा, सोलोची तालीम त्यांनी केली तरी कधी? आपल्यासमोर तर दरवेळी हात हलवून म्हणतात, इथे माझं एकट्याचं आहे, पुढे चला. मला वाटायचं, घरी करत असतील."

घरी तर मी होते. घरी ह्यांनी तो सोलो महिनोन्‌महिने वाजवला नव्हता.

५

जिन्यावर बसले.

मी कसली वस्तू शोधणारी, कपाळ माझं! एकेक गोष्ट आपण होऊन समोर यायला लागली. हे गेल्या काही महिन्यांत बटणांचे शर्ट घालत नव्हते. सगळे आपले डोक्यातून घालायचे सदरे. मी म्हटलं, म्हातारपणी फॅशन सुचतेय. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. मी म्हटलं, थंडी वाजत असेल. सफरचंद कापून मागायचे आणि मी लाडाने कापून द्यायचे. पिसं छाटायचा त्यांचा जुना चाकू त्यांनी खारूताईला देऊन टाकला, तेव्हा मी चार लोकांना अभिमानाने सांगितलं होतं, बघा, शिष्येवर किती विश्वास! ज्याच्याजवळ पिसांचा चाकू नव्हता तो माणूस माझ्याच घरात राहत होता. आणि काल संध्याकाळी फिरायला म्हणून गेलेले हे फार उशिरा आले होते, मी विचारलंसुद्धा नव्हतं.

वेशभूषेच्या खोलीत हे एकटेच होते. खुंटीवर संध्याकाळचा पांढरा शर्ट टांगलेला. मी तो काढून त्यांच्यासमोर धरला.

"अहो, हा घालून बघा. बटणं लावा."

"आत्ता कशाला?"

"लावा म्हणते ना मी."

त्यांनी शर्ट घेतला. हात घातले. वरचं बटण चिमटीत धरायला गेले आणि ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. उजव्या हाताची दोन बोटं दुसऱ्याच कुणाची असावीत तशी बाजूला राहिली होती. डावा हात थोडा बरा, पण तोही चाचपडत होता. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बधिर व्हायला लागली तेव्हा वाटलं, जाईल." ते खुर्चीत बसले. "साथीपुरतं चालतं अजून. सोलो नाही होत. वाटलं होतं, होईल, कार्यक्रमापर्यंत होईल. काल सगळे गेल्यावर मागच्या दाराने येऊन वाजवून पाहिला. पहिल्याच पानावर बोटं एकमेकांत अडकली. स्टँडवर तो चाकू पडला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं की ते खरं झालं असतं." मग एकदम आवाज चढला त्यांचा. "लोकांनी म्हणावं वाद्य बिघडलं. वाजवणारा बिघडला असं का म्हणावं? दुरुस्त करता येईल असंच कापलं मी, फक्त संध्याकाळच्या आत होणार नाही असं वाटलं. बाकी कशालाही धक्का लावला नाही!"

"आणि ती पोरगी?"

ते शर्टाची बाही ओढत बसले.

"अहो, सकाळी तिची पिशवी मी सगळ्यांसमोर रिकामी केली. तुम्ही खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होतात. काय दिसत होतं हो बाहेर?"

"मला वाटलं, थोडं रागावून सोडून देतील. मग वेळ निघून गेली. आणि ती लहान आहे. तिला काय, दुसरीकडेही..."

पुढचं मी ऐकलं नाही. मला त्यांची लाज वाटली. राग नंतर आला, दया त्याहून नंतर आली, आधी आली ती लाज. ज्या माणसाच्या शेजारी मी इतकी वर्षं मान वर करून बसले, त्याच्याकडे मला बघवेना. आणि माझी मलाही वाटली. घरात बोटं मेली आणि मला पत्ता नाही, बाहेर मात्र दुसऱ्यांच्या मुलीच्या पिशवीत हात घालायला मी पुढे!

"बाहेर सगळे जमलेत," मी म्हटलं. "खारूताईवरचा आळ अजून तसाच आहे. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

ते उठले. दारापर्यंत गेले, आणि उजवीकडे तालीमखोलीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळले. डावीकडे फक्त रस्त्यावर जायचं दार होतं.

६

मी हाक मारली नाही. का, ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं, हाक मारून परत आणलेला माणूस मला नको होता.

त्यांनी दार उघडलं, बाहेरचं ऊन बघितलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग दार लावलं आणि माझ्या समोरून, माझ्याकडे न बघता, तालीमखोलीत गेले. शर्टाची बटणं तशीच उघडी.

त्यांना सांगता आलं नाही हो धड. आधी पिसांबद्दलच बोलायला लागले, कावळ्याचं पीस कसं असतं, देठ कसा छाटावा. सगळे बुचकळ्यात. मॅडम म्हणाल्या, "सर, हे नंतर बोलू." तेव्हा ते म्हणाले, "नंतर नाही. ती पिसं मी कापली. माझे हात गेलेत. सोलो वाजवता येत नाही आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी कापली. हिने काही केलेलं नाही."

जो तो जमिनीकडे बघत होता, कारण सकाळी जो तो त्या पिशवीकडे बघत होता. खरं सांगते, त्या खोलीत मान वर असलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे खारूताई. ती सरळ ह्यांच्याकडे बघत होती.

"सकाळी मला वाटलं, आता सर बोलतील," ती म्हणाली. "पिशवी उघडली तेव्हा वाटलं, आता बोलतील. मॅडमनी नाव काढायचं म्हटलं तेव्हाही वाटलं. तुम्हीच केलंत हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, निदान मी तसं करणार नाही एवढं तरी सांगाल."



ती मॅडमकडे वळली. "माझा चाकू द्या."

दुपारभर ती वाद्यापाशी बसून पिसं बसवत होती. एक देठ बसवायचा, छाटायचा, पट्टी दाबून ऐकायचं, पुन्हा कणभर छाटायचं. मी शेजारी जाऊन बसले. काड्या उचलून देत होते.

"खारूताई, माझं चुकलं गं. तुझ्या पिशवीत हात घालायला नको होता मी."

ती कापायची थांबली नाही. "हात घातलात त्याचं नाही काही वाटलं, काकू. एकेक वस्तू काढून मांडत होतात, त्याचं वाटलं. चाकू सापडल्यावर बाकीचं झाकता आलं असतं तुम्हाला."

मला वाटलं, ही जमीन आत्ता फाटावी. ते मोजे खरंच तसेच वर राहिले होते, शेवटपर्यंत. पुढची काडी तिच्या हातात दिली.

शेवटचं पीस बसलं तेव्हा मॅडम आल्या. "सोलो वाजवशील?" त्यांनी विचारलं. आज्ञा नव्हती ती, विनवणीच होती. "येतो ना तुला?"

"येतो." तिने वरच्या सगळ्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला. एकही सूर मुका नव्हता. "पण पानं उलटायला कुणीतरी लागेल. सरांनी बसावं."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या ह्यांनी वर बघितलं. जे हात लोकांना दिसू नयेत म्हणून एवढं केलं, तेच हात भरल्या सभागृहासमोर, दिव्यांखाली. ती त्यांना शिक्षा करत होती की जवळ घेत होती, मला कळलं नाही. तिलाही कळलं असेल असं वाटत नाही.

"बसतो," हे म्हणाले. मग माझ्याकडे आले आणि उघडा शर्ट पुढे केला. मी बटणं लावली.

७

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. मॅडमनी एवढंच जाहीर केलं की सोलो सरांची शिष्या वाजवेल. कुजबुज झाली.

आमचं वाजवून झालं, आम्ही वाद्यं खाली ठेवली, आणि ती एकटी सुटली. काय वाजवलं त्या पोरीने! ह्यांच्यासारखं नव्हतं ते. जास्त घाईचं होतं, जरा रागाचंही होतं. माझं अर्धं लक्ष तिच्या बोटांकडे आणि अर्धं ह्यांच्या. पान उलटायची वेळ आली की ते आधीच उठून उभे राहायचे. कागदाची कड बोटांत यायची नाही, निसटायची, मग ते तळव्याने पान सरकवायचे. पुढच्या रांगांतल्या लोकांना दिसत होतं. एका ठिकाणी दोन पानं एकदम उलटली गेली. ती थांबली नाही, पाठ होतं तिला. ह्यांनी ते पान परत मागे आणेपर्यंत ती कितीतरी पुढे गेली होती.

टाळ्या थांबेनात. तिने वाकून नमस्कार केला. हे उभे राहिले नाहीत.

नंतर नेहमीप्रमाणे लोक आत भेटायला आले. त्यांत ह्यांचे एक जुने श्रोते होते, उंच, मोठ्या आवाजाचे, एकही कार्यक्रम न चुकवणारे. आले ते थेट ह्यांच्याकडे. खारूताई दोन पावलांवर वाद्याचं झाकण लावत होती.

"सर, मानलं तुम्हाला!" ते गरजले. "स्वतःचा हातखंडा सोलो शिष्येला देऊन टाकायचा आणि वर शेजारी बसून पानं उलटायची! एवढं मोठं मन कुणाचं असतं हो आजकाल?"

आजूबाजूचे सगळे आमचेच लोक होते. सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळे एकदम आपापली वाद्यं पुसायला लागले. कुणी काही बोललं नसतं. नुसती मान हलवली असती ह्यांनी, तर ती गोष्ट तिथेच मिटली असती आणि हे आयुष्यभर मोठ्या मनाचे राहिले असते.

"तसं नाही," हे म्हणाले. "माझी बोटं गेली आहेत. ते लपवायला मी काल वाद्य बिघडवलं, आणि आज सकाळी त्याचा आळ हिच्यावर आला तेव्हा गप्प बसलो."

ते गृहस्थ खो खो हसले. "काय सर! तुमची थट्टा करायची सवय काही जात नाही!" असं म्हणून ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

खारूताईने झाकण लावायचं थांबवलं होतं.

हे हसले नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, म्हणजे धरता येईल तसा धरला, आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. हळू, एकेक शब्द. या वेळी ते गृहस्थही हसले नाहीत.